तो वाक्य विसरला नव्हता

आमच्या भागात त्या तांदळाच्या जाहिरातीच्या सध्या तीन हकिगती फिरत आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. पहिली चौक गावी, जुन्या हमरस्त्यावरच्या ढाब्यावर सांगितली जाते. तीत मी एका तरुण मुलीला टाकून बोललो आणि ती रडत निघून गेली. दुसरी कर्जतमध्ये लग्नाचे व्हिडिओ करणारा आमचा कॅमेरामन सांगतो. तिच्यानुसार जाहिरातीत जे काही चांगले उतरले ते निव्वळ नशिबाने उतरले. तिसरी पोशीर गावची. तिच्यात माझा मित्र ऐन वेळी वाक्य विसरला आणि मी ते झाकून नेले. पहिल्या दोन हकिगतींनी माझी बदनामी होते. ती सोसण्याइतके माझे वय झाले आहे. तिसरीने मात्र माझ्या मित्राचे नाटकातले काम जाणार होते. म्हणून हे लिहिणे भाग आहे.

मी मूळचा भिसेगावचा. उमेदीची छत्तीस वर्षे मी मुंबईत जाहिरातपटांसाठी नट निवडण्याचे काम केले. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून हजारो माणसांनी बिस्किटे खाल्ली, रिकाम्या कपातून चहा प्यायला, नसलेल्या आरशात पाहून दाढी केली. त्यांपैकी कोणाचा घोट खरा आणि कोणाचा खोटा, हे मी त्यांच्या गळ्याकडे पाहून सांगत असे, आणि त्यात माझी चूक झाल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही. निवृत्त होऊन भिसेगावात परतलो तेव्हा वाटले होते की आता या कामाशी संबंध संपला. तो संपला नाही, याचा मला आनंदच झाला. हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही, आता सांगतो.

नेरळच्या बाजूला भाताची गिरणी असलेले एक शेठ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचे आजोबा श्रीवर्धनकडून व्यापारासाठी वर आले आणि इथलेच झाले. गिरणीचा तांदूळ आजवर पोत्यांनी जाई. मागच्या वर्षी शेठांनी स्वतःच्या छापाच्या पिशव्या काढल्या आणि त्यासाठी एक मिनिटाची जाहिरात करायची ठरवली. ते माझ्याकडे आले, सोबत त्यांचा भाचा. भाचा हुशार आहे, मेहनती आहे, आणि बहुतेक बाबतींत चुकीचा आहे.

"सर," शेठ म्हणाले, "भाचा म्हणतोय ती पनवेलची मुलगी घेऊ. धबधब्यांचे व्हिडिओ करते. लाखो लोक बघतात तिला."

"तिला बघतात, की धबधब्याला?"

"दोघांना बी बघतात, सर," भाचा म्हणाला. "तुमचा काळ वेगळा होता."

"होता कसला? अजून चालू आहे."

शेठ हसले. मी भाच्याला विचारले, "तुमच्या तांदळाची पिशवी आणि ती मुलगी एका चौकटीत उभी केली, तर लोक कोणाकडे बघतील?"

"तिच्याकडेच की!"

"मग पिशवी कशाला आणायची?"

भाचा हरला नाही. "लोक तिच्यावर विश्वास ठेवतात. ती म्हणाली भात चांगला, की चांगला."

"आणि पुढच्या आठवड्यात ती म्हणेल साबण चांगला. मग लोकांना ती आठवेल. तुझा भात कोणाला आठवेल?"

माझे म्हणणे साधे होते आणि ते मी छत्तीस वर्षे मांडत आलो आहे. प्रसिद्ध व्यक्ती कुठेही नेली तरी ती स्वतःच राहते, कारण तोच तिचा व्यवसाय असतो. नट मात्र दुसरा कोणीतरी होतो आणि आपण सांगू तितक्या वेळा होतो. त्याने खरेच भात खाल्ला, तर पाहणाऱ्याला नट दिसत नाही, भात दिसतो. विकायचा असतो तो भात. यात त्या मुलीचा कसलाही अपमान नाही. तिचे काम ती उत्तम करत होती. प्रश्न इतकाच होता की हे काम वेगळे होते.

"तुमचा नट तरी कोण?" शेठांनी विचारले.

"पोशीरचा," मी म्हणालो, आणि मामा-भाचे दोघेही एकमेकांकडे पाहू लागले.

पोशीरचा हा माझा मित्र कर्जतच्या शाळेत माझ्या शेजारी बसत असे. आयुष्यभर त्याने भातशेती केली, खोपोलीच्या कारखान्यात पाळ्या केल्या आणि चाळीस वर्षे गावच्या जत्रेच्या नाटकात काम केले. मी मुंबईत पाहिलेल्या अनेक नामांकित नटांपेक्षा तो सरस आहे, असे माझे मत आहे. हे मत त्याच्या गावाला त्या वेळी मान्य नव्हते, आणि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे.

आमच्याकडच्या जत्रेच्या नाटकात पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी वाचतो. शेतीतून, नोकरीतून सवड काढून तालमी करणाऱ्यांसाठी ही चांगली सोय होती. पुढे तिची रीत झाली. प्रेक्षकांच्या कानांनाही तिची सवय लागली: आधी विंगेतून कुजबुज, मग रंगमंचावरून गर्जना. कुजबुज झाली आणि लगेच गर्जना आली नाही, की नट वाक्य विसरला, असा सरळ अर्थ. आमच्या रंगमंचावर शांततेला दुसरा अर्थच नाही. मागच्या जत्रेत माझा मित्र बापाच्या भूमिकेत होता. बारा वर्षांनी मुलगा दारात उभा राहतो. बाप त्याच्याकडे नुसता पाहत राहिला. प्रॉम्प्टर म्हणून बसलेल्या गुरुजींनी वाक्य एकदा वाचले, दोनदा वाचले, तिसऱ्यांदा इतक्या जोरात वाचले की शेवटच्या रांगेलाही ऐकू गेले. लोक हसले. मी त्या दिवशी रडण्याच्या बेतात होतो, आणि माझ्या शेजारचा गृहस्थ म्हणाला, "म्हातारा इसरला वाटतं."

एवढ्यावर नाट्यमंडळाने ठरवले की पुढच्या जत्रेत याला काम द्यायचे नाही. त्याऐवजी पडदा उघडण्याआधी त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. नटाला निवृत्त करण्याची ही आमच्याकडची सभ्य पद्धत आहे. मित्र मला म्हणाला होता, "शाल घेऊन काय करू रं? उन्हाळ्यात जत्रा!" तो हसत म्हणाला, पण नंतर दोन महिने तो कर्जतला आला नाही.

शेठांनी शेवटी निवाडा दिला: एकच दिवस, एकच ताट, दोघांनाही संधी. ज्याचे चित्रण पाहून त्यांना स्वतःला भूक लागेल, तो खरा. मी आजवर ऐकलेल्या निवडीच्या निकषांमध्ये हा सर्वोत्तम होता, आणि तो शेठांचा होता, माझा नव्हता, हे मी प्रांजळपणे नोंदवतो.

दिवाळी झाली होती, नवा तांदूळ गिरणीत आला होता. शेठांच्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही बैठक मांडली. प्रसंग असा: शेत सोडून मुलाकडे राहायला आलेला म्हातारा दुकानातल्या तांदळाला नावे ठेवत जेवायला बसतो, सून वाढते, तो पहिला घास घेतो आणि म्हणतो, "आमच्या लहानपणी असा भात असायचा." मुलीसाठी याच प्रसंगात म्हाताऱ्याऐवजी माहेरी आलेली लेक ठेवली होती. जाहिरातीत वाफेसाठी नाना युक्त्या करतात. मी त्या सगळ्या नाकारल्या. प्रत्येक वेळी ताजा भात हवा, असे मी सांगितले, आणि शेठांच्या पत्नीने सकाळपासून चुलीवर पातेल्यामागून पातेले चढवले. त्यांनी मला दारातूनच सुनावले, "सर, लग्नात इतका भात शिजवला नाय मी!"

मुलगी वेळेवर आली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण कॅमेरामन उशिरा आला. ती सगळ्यांच्या पाया पडली, शेठांच्या पत्नीला चुलीपाशी जाऊन मदत करू लागली, आणि स्वतःचा फोन एका पोत्याला टेकवून चालू ठेवला. तो दिवसभर तसाच चालू होता. तिच्या व्यवसायात तो बंद करण्याची पद्धत नाही.

तिचा पहिला घास खरोखर छान होता. पण तो गिळण्याआधीच तिचे डोळे वर आले, कॅमेऱ्याच्या भिंगाला भिडले, आणि ती म्हणाली, "मित्रांनो, हा भात ना..."

"मित्र नाहीत इथे," मी म्हणालो. "इथे तू आणि तुझी आई."

"सॉरी सर!"

दुसऱ्या वेळी तिने वाक्य बरोबर घेतले, पण नजर पुन्हा भिंगाकडे गेली. तिसऱ्या वेळी तिने नजर इतक्या निश्चयाने ताटात ठेवली की ताटात काहीतरी पडले आहे असे वाटावे. पहिला घास जिवंत होता, दुसरा पहिल्याची नक्कल होता आणि तिसरा दुसऱ्याची. ती स्वतःच हसू लागली. "सर, मला ना माझ्यासारखंच बोलता येतं. दुसऱ्या कोणाचं बोलायला गेले की मलाच हसू फुटतं."

आम्ही सगळे हसलो. मग जेवणाची सुट्टी झाली. शेठांच्या पत्नीने सुक्या बोंबलाचे कालवण केले होते आणि त्यात तिखटाचा हात मोकळा होता. मुलीने भुरके मारत ते खाल्ले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते, तरी आणखी मागितले. भाचा नेमका त्याच वेळी गिरणीतून आत आला, तिचे डोळे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि तसाच परत गेला. चौकच्या ढाब्यावरची हकीगत तेवढ्यावर उभी आहे. मी तिला रडवले नाही, बोंबलाने रडवले.

दुपारी माझा मित्र टमटममधून उतरला. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, मनगटावर घड्याळ. घड्याळ मी काढून ठेवायला लावले. कॅमेरा कुठे आहे, प्रकाश कुठून येतो, असे त्याने काहीही विचारले नाही. त्याचे प्रश्न निराळे होते.

"ह्या म्हाताऱ्यानं सकाळी काय खाल्लंय?"

"चहा-बिस्किट."

"मग भूक हाय. सून माहेरची कुठली?"

"ते कशाला हवे?"

"कर्जतची असल तर मी जरा ऐकून घेईन. मुंबईची असल तर नाय."

"कर्जतची समज."

"बरं. आणि तांदूळ दुकानाचा हाय, हे याला म्हाइत हाय ना?"

"आहे."

"मंग तो पहिल्या घासाला चांगलं म्हणायचा नाय," मित्र म्हणाला. "जड जाईल रं त्याला."

माझ्या छत्तीस वर्षांत असा प्रश्न विचारणारे नट मी एका हाताच्या बोटांवर मोजेन.

सुनेच्या भूमिकेसाठी कोणी नव्हते. मुलगीच पुढे आली. "मी वाढते ना, सर. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसते, म्हणजे बघायचा प्रश्नच नाही." लाखो लोकांना चेहऱ्याने ओळखीची असलेली ती मुलगी पाठमोरी बसली, पदर खोचला आणि वाढायला लागली. ते तिने फार सुंदर केले, आणि ते तिच्या मनातून आले होते; मी सुचवले नव्हते. भाचा म्हणतो त्याने सुचवले. तो तिथे नव्हता.

मित्राने भात कालवला. घास घेतला. चावला. आणि थांबला.

इथे मला सावकाश लिहिले पाहिजे, कारण सगळा वाद इथेच आहे. त्याचे तोंड थांबले, पण उजवा हात थांबला नाही. बोटे ताटातला पुढचा घास वळत राहिली. त्याने सुनेकडे पाहिले. मग ताटाकडे. मग दाराबाहेर, जिथे त्याचे शेत असायला हवे होते तिथे. मी मनात मोजत होतो. कॅमेरामनचा हात बटणाकडे गेला. त्याला वाटले, संपले. मी त्याचे मनगट धरून ठेवले. मी सोळापर्यंत आलो तेव्हा मित्र बोलला, आणि कौतुकाच्या सुरात बोलला नाही. जरा चिडूनच बोलला, चोरी पकडली गेल्यासारखा: "आमच्या लहानपणी असा भात असायचा." आणि ताट पुढे सरकवले. ते सरकवणे लिहिलेले नव्हते.

शेठ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मला भूक लागली."

"आत्ताच जेवलात," त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या.

"तरी लागली."

आम्ही आणखी दोनदा केले, कारण आणखी दोन पातेली होती. दोन्ही वेळा हात चालू राहिला, नजर त्याच तीन ठिकाणी गेली आणि माझी मोजणी सोळावर थांबली. नट घास तोंडात घेऊन बाजूला टाकतात, त्यासाठी भांडे ठेवले होते. मित्राने ते पायाने दूर सारले. "नवा तांदूळ टाकायचा असतो व्हय रं?" तो तीन ताटे जेवला, आणि मग तासभर तांदळाच्या पोत्यांवर आडवा झाला.

जाहिरात निघाली. पिशव्या पनवेलपर्यंत जाऊ लागल्या, असे शेठ सांगतात. शेठ माझ्याइतके वाढवून बोलत नाहीत, म्हणून मी ते खरे मानतो. पण ती पोशीरमधल्या फोनांवर पोचली तेव्हा उलटेच झाले. पनवेलच्या माणसाला ते थांबणे म्हणजे भाताची चव वाटली. पोशीरच्या माणसाच्या कानांनी त्या थांबण्यात विंगेतली कुजबुज शोधली, ती सापडली नाही, आणि गाव म्हणाले, "हितं पण इसरला बघ." त्यात कॅमेरामनने सगळे नशिबाने झाले असे सांगत फिरून भर घातली. बटणाकडे गेलेला त्याचा हात कोणी धरला होता, हे तो सांगत नाही.

मंडळाचे चिटणीस शाल आणायला कर्जतला गेल्याचे मला कळले, तेव्हा मी मित्राला फोन केला.

"मी येतो तुमच्या बैठकीला."

"नको रं. उगाच भांडशील."

"भांडणारच आहे."

"माझ्यासाठी कशाला भांडतोस?"

"तुझ्यासाठी नाही. खोट्याशी भांडतो."

तो म्हणाला, "मला सत्कार नको हाय. काम पायजे. पण मागून घेतलेलं काम नको." एवढे म्हणून त्याने फोन ठेवला. त्याच्या तोंडून 'पायजे' हा शब्द मी साठ वर्षांत प्रथमच ऐकला.

रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमन आहेत, सभ्य आणि हट्टी. प्रॉम्प्टर गुरुजी होते, गावातली पंचवीस-तीस माणसे होती, मागे खांबापाशी बायका बसल्या होत्या. मी शेठांना आणले होते. मुलगी पनवेलहून स्वतःहून आली; मी फक्त फोनवर हकीगत सांगितली होती, आणि ती म्हणाली होती, "सर, माझ्याकडे तिन्ही आहेत." पोत्याला टेकवलेल्या त्या फोनमध्ये तिन्ही वेळचे चित्रण होते.

मी उभा राहिलो. मी म्हणालो की छत्तीस वर्षे मी वाक्य विसरणारी माणसे पाहिली आहेत. जो विसरतो त्याचे हात आधी थांबतात, मग डोळे छताकडे जातात. याचे हात थांबले नाहीत आणि डोळे छताकडे गेले नाहीत. आणि जो विसरतो तो दर वेळी निराळा विसरतो. तीनदा एकाच जागी, एकाच मापाने कोणी विसरत नाही. जे पुन्हा करता येते त्याला कसब म्हणतात. मग मुलीने फोन हातोहात फिरवला. तिने तिन्ही चित्रणे एकाखाली एक अशी जोडून आणली होती. तिन्ही म्हातारे एकाच क्षणी दाराकडे पाहत होते.

अध्यक्षांनी ती चित्रणे दोनदा पाहिली आणि फोन परत केला. "चांगलं हाय. पण मोबाईलमध्ये आजकाल काय बी करता येतं."

"काय बोलताय, काका!" मुलगी म्हणाली. "मी कशाला करू?"

"तुला नाय म्हणत गं बाई. मोबाईलला म्हणतो."

मी पुन्हा उठणार, तेवढ्यात मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवले. तो पुढे गेला, चपला काढल्या, फरशीवर मांडी घातली. समोर ताट नव्हते, भात नव्हता. तो गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, वाक्य वाचा. मोठ्यानं वाचा, म्हणजे मी इसरलो असं व्हायला नको."

गुरुजींनी वाचले: "आमच्या लहानपणी असा भात असायचा."

मित्राने फरशीवर भात कालवला. घास घेतला. चावला. थांबला. बोटे फिरत राहिली. गुरुजींना राहवेना, सवयीने ते पुन्हा वाचायला लागले, "आमच्या लहान..." मित्राने त्यांच्याकडे पाहिले नाही. डावा हात जरासा उचलला, अधिक वाढायला आलेल्या सुनेला थांबवावे तसा, आणि गुरुजी अर्ध्या शब्दावर थांबले. सगळा सभामंडप त्या उचललेल्या हाताकडे पाहत होता. बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू केली आणि लगेच बंद केली. मी मोजत होतो; माझ्या पुढे बसलेला एक जणही ओठांतल्या ओठांत मोजत होता, हे मला दिसले.

"आमच्या लहानपणी असा भात असायचा," मित्र चिडून म्हणाला, आणि नसलेले ताट पुढे सरकवले.

मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "अगं, वाढा की त्याला कुणीतरी!"

मंडपात हशा फुटला. माणसे हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि हे हसणे मागच्या जत्रेसारखे नव्हते. अध्यक्ष गुरुजींना विचारत होते, "म्हणजे त्या वक्ताला, तो पोरगा दारात आला तवा... तवा बी यानं असंच केलं होतं?" गुरुजी म्हणाले, "तसंच असणार. मीच मधे मधे वाचत होतो." गुरुजींनी हे भर सभेत म्हटले, यासाठी मी त्यांचा आदर करतो, आणि त्यांच्या वाचनाविषयी मागे मी जे बोललो होतो त्यातला अर्धा भाग मागे घेतो.

अध्यक्ष म्हणाले, "बापाचं काम तुमचं. पण गुरुजी वाचणार. ती आपली रीत हाय."

"वाचू द्या की," मित्र चपला घालत म्हणाला. "त्यांचं काम ते करतील, माझं मी करीन."

शेठांनी सगळ्यांना चहा सांगितला. भाचाही येऊन बसला होता. तो मुलीला विचारत होता की सुनेचा व्हिडिओ तिने अजून टाकला का नाही. ती म्हणाली, "टाकला ना. माझा चेहरा दिसत नाही म्हणून लोक भांडतायत माझ्याशी. पण सगळे विचारतायत, ते आजोबा कोण." भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीही बोललो नाही, आणि ते मला किती जड गेले हे मलाच ठाऊक.

चहा पिताना मित्र माझ्या कानाशी आला. "एक सांगू? तिसऱ्या ताटाला मी खरंच इसरलो होतो. पोट भरलं होतं ना."

"खोटे आहे."

"मला म्हाइत नसंल व्हय रं, मी इसरलो का नाय ते?"

"नाही. तुझा हात चालू होता."

"हात काय, हाताला सवय असते."

"त्या सवयीलाच मी अभिनय म्हणतो."

तो इतका हसला की चहा बशीत सांडला. त्याच्या त्या म्हणण्याचा उल्लेख मी इथे केला, कारण उद्या तो हीच हकीगत चार लोकांत सांगेल, आणि लोकांना ही चौथी चुकीची हकीगत आहे हे ठाऊक असलेले बरे.

तालमी पुढच्या रविवारपासून सुरू झाल्या. मुलाचे काम करणारा तरुण बँकेत नोकरीला आहे आणि वाक्य गुरुजींच्याही आधी म्हणून टाकतो. मित्र त्याला पहिल्याच दिवशी म्हणाला, "दारात आलास ना? मग जरा उभा ऱ्हा. माझ्याकडं बघ. बारा वरसांनी आलायस तू." तो तरुण उभा राहिला, पाहू लागला, आणि वाक्य विसरला. खरोखरच विसरला, मी त्याचे हात पाहत होतो.